कासवाच्या पाठीवरील टेंगळे

मराठी संतवाङ्मय ज्याने थोडेफार वाचले आहे त्याला कासवीची उपमा ठाऊक नाही, असे सहसा व्हावयाचे नाही. कासवी आपल्या पिलांना दूध पाजीत नाही, चारा भरवीत नाही. ती नुसती त्यांच्याकडे पाहते आणि त्या कृपादृष्टीवरच पिले पोसतात, अशी ही कल्पना. काव्य म्हणून ती इतकी सुंदर आहे की प्राणिशास्त्राने तिच्या वाटेस जाऊ नये. कासवी अंडी घालून, वर माती लोटून चालती होते आणि पिलांचे तोंडही पाहत नाही, हे सांगून कोणा भाविकाचा रसभंग करण्याची आमची मुळीच इच्छा नाही. पण हल्ली सोलापुरातील, आणि सोलापूरच काय, पुण्या-मुंबईच्याही सुशिक्षित घरांतून जिवंत कासवे ज्या रीतीने पाळली जात आहेत ती पाहिली म्हणजे वाटते की, या मंडळींनी उपमेलाच पाकशास्त्र मानले असावे. दिवाणखान्यात काचेची पेटी, पेटीत चार गुळगुळीत गोटे, आणि आल्यागेल्याने कौतुकाने पाहावयाचे. कासव दृष्टीवर जगते आहे!

गेल्या वैशाखात अशाच एका परिचितांच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. बाहेर ऊन असे की डांबर पायाला चिकटावे. आत वातानुकूलित खोलीत काचेच्या पेटीत एक तारा कासव, काळ्या कवचावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले. पाठीवरचा एकेक खवला उलट्या ठेवलेल्या शिकोऱ्यासारखा वर आलेला, आणि त्यांच्या मधल्या खाचा बोट जाईल इतक्या खोल. यजमानीणबाई अभिमानाने म्हणाल्या, “पाहिलेत ना, किती छान डोंगर आलेत! वय वाढले की नक्षी अशी उठून दिसते.” खावयास काय देता, असे विचारता उत्तर मिळाले, “अहो, काय वाट्टेल ते खातो. दूधपोळी तर फार आवडते त्याला.” यजमानांनी पुरवणी जोडली की, पेटी मुद्दाम उत्तर दिशेस ठेविली आहे आणि तेव्हापासून दुकानाची उलाढाल बरी आहे. दुकानाची उलाढाल आम्ही तपासली नाही. कासवाची पाठ मात्र पाहिली, आणि ती नक्षी नव्हती, व्याधी होती.

या व्याधीविषयी लिहावयाचे कारण असे की, ती बहुतांशी माणसाने निर्माण केलेली आहे, ती टाळता येते, आणि एकदा जडली की जात नाही. कासवाचे कवच म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखे पाठीवर वाहावयाचे घर, ही समजूतच मुळात खोटी. कासवाचा कणा आणि बरगड्या रुंद होऊन, एकमेकींस सांधून ती ढाल बनलेली असते. कासव कवचातून बाहेर येऊ शकत नाही, जसे आपण आपल्या सांगाड्यातून बाहेर येऊ शकत नाही. त्या हाडांवर खवल्यांचे आवरण असते, आपली नखे ज्या केराटिनाची त्याच द्रव्याचे. मधल्या ओळीत पाच, दोन्ही बाजूंस चार-चार, आणि कडेने लहान लहान पुष्कळ. प्रत्येक खवला कडेने वाढतो. ही नवी कड आडवी पसरत गेली तर पाठ घुमटासारखी गोल राहते. ती कड कोरडी पडून खाली वळू लागली तर जुना खवला वर ढकलला जातो, आणि थरावर थर चढत देवळाच्या शिखरासारखा सुळका तयार होतो. या ढालीला जाण आहे, तिच्या खाली रक्त वाहते, आणि फुप्फुसे तर तिला लागूनच असतात. तीवर रंग फासणारे, दोरी बांधण्यासाठी तिच्या कडेला भोक पाडणारे आणि ‘चकाकी यावी’ म्हणून खोबरेल चोळणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांनी आधी स्वतःच्या बरगडीला भोक पाडून पाहावे.

आता या सुळक्यांचे कारण काय? पुष्कळ वर्षे सर्वत्र असेच सांगितले जाई की, आहारात प्रथिने जास्त झाली म्हणजे हे होते. कासव पाळणारे जे थोडेसे वाचन करतात तेही आजवर हेच घोकून बसले आहेत, आणि प्रथिने कमी करूनही पाठ सुधारत नाही म्हणून कपाळाला हात लावतात. २००३ साली व्हिएन्ना येथील दोन संशोधकांनी आफ्रिकेतील सल्काटा जातीच्या नुकत्या जन्मलेल्या पिलांवर प्रयोग करून दाखविले की, प्रथिनांचा परिणाम किरकोळ असून खरा दोष कोरड्या हवेचा आहे. दमट हवेत वाढलेल्या पिलांची पाठ पुष्कळच सपाट राहिली. कोरड्या हवेतील पिलांना टेंगळे आली. विचार केला तर यात नवल नाही. कासवाचे पोर रानात उघड्यावर ऐटीने फिरत नाही. गवताच्या मुळांशी, पाल्याखाली, ओलसर मातीत ते दिवसाचा मोठा भाग दडून असते. बाहेरचा मुलूख कितीही रुक्ष असो, त्याच्या अंगाभोवतीची चार बोटे हवा ओली असते. सोलापूरची उन्हाळी हवा आधीच कोरडी. तीत वातानुकूलनाची भर घातली म्हणजे पेटीतल्या पिलाची काय अवस्था होत असेल?

दुसरी व्याधी याहून भयंकर, आणि तिचे नाव प्रत्येक मराठी आईला ठाऊक आहे: मुडदूस. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण अंगावर पडल्यावाचून कासवाच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्यावाचून खाल्लेले कॅल्शियम हाडांत उतरत नाही. मग हाडे मऊ पडतात, कवच बोटाने दाबले तर दबते, कडा वर वळतात, मागचे पाय जमिनीवर फरफटतात. आमच्या सुशिक्षित बंधूंचा यावर ठरलेला जबाब असतो: “पेटी खिडकीशीच ठेवली आहे, ऊन भरपूर येते.” ऊन येते खरे, पण काचेतून येते, आणि काच नेमके तेच किरण अडविते ज्यांची कासवाला गरज आहे. उजेड मिळतो, ऊब मिळते, कधी कधी भाजून निघण्याइतकी मिळते, आणि हाडांच्या वाट्याला काहीच येत नाही.

त्यात आहाराची तऱ्हा. पोळी, भात, दूध, बिस्किटे, कुत्र्याचे खाद्य! मांसात व धान्यात फॉस्फरस अधिक आणि कॅल्शियम कमी. गवतखाऊ कासवाला हवे असते नेमके उलटे. पालक पौष्टिक म्हणून जुड्याच्या जुड्या घालणारेही आहेत. त्यातील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला आपल्याशी बांधून घेऊन वाया घालविते. काकडी आणि टोमॅटो म्हणजे बहुतेक पाणीच. वास्तविक ज्या प्राण्याला हरळी, जास्वंदीची पाने व फुले, तुतीचा पाला आणि काटे काढलेला फड्या निवडुंग पुरतो, त्याचे अन्न सोलापूर जिल्ह्याच्या बांधाबांधावर फुकट उगवलेले आहे. कॅल्शियमसाठी परदेशी डबी मागविण्याचीही गरज नाही. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मिळते, म्हणजे माकूळ जातीच्या सागरी प्राण्याच्या अंगातील कवचाचा पांढरा तुकडा. तो जवळ ठेवून द्यावा, कासव आपल्या गरजेप्रमाणे कुरतडते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. जाणकार म्हणतात, रानातल्या तारा कासवाच्याही पाठीवर उंचवटे असतात. मग घरातल्याच कासवाला रोगी का म्हणावे? उंचवटे असतात, हे खरे. काही कासवांत ते चांगले ठळकही असतात. पण रानातील उंचवटा हा खवल्याच्या रेषांशी सुसंगत, दोन्ही बाजूंस सारखा आणि टणक असतो; पेटीतला सुळका वेडावाकडा, मधे खचलेला, कंबरेशी पाठ बसलेली, असा असतो. पोक आलेल्या मुलाला ‘टेकडीवर राहणारे लोक असेच असतात’ म्हणून समजूत घालण्यासारखाच हा युक्तिवाद आहे.

ज्यांच्याजवळ कायद्याने ठेवता येण्याजोगे, रीतसर नोंदविलेले परदेशी भूकासव आहे त्यांनी काय करावे, हे वरील विवेचनातूनच निघते. काचेची पेटी काढून टाकावी आणि अंगणाचा एक कोपरा द्यावा. सकाळचे कोवळे ऊन थेट अंगावर पडू द्यावे. मात्र कासवाला केव्हाही सरकता येईल अशी दाट सावली असलीच पाहिजे, नाही तर सोलापूरचा मे महिना त्याला तासाभरात संपवील. गच्चीवर तर ठेवूच नये. फुटका माठ आडवा करून अर्धा मातीत पुरावा, आत ओलसर माती आणि पाला भरावा. पिलाला हवी ती दमट गुहा एवढ्या खर्चात होते. उथळ, कोमट पाण्यात त्याला वरचेवर बसवावे, पाणी हनुवटीच्या वर जाता कामा नये. ज्यांना अंगण नाही त्यांनी अतिनील किरणांचा खास दिवा लावावा आणि तो दिसावयास जळत असला तरी सहा महिने ते वर्षाने बदलावा, कारण उजेड टिकतो पण ते किरण क्षीण होतात. हे सर्व वाचून ज्याला कंटाळा आला असेल त्याने कासव पाळू नये. सल्काटा तर पुढे पन्नास किलोंच्याही वर जाते आणि बहुधा मालकाच्या मागे उरते, हेही विकत घेण्यापूर्वी विक्रेत्यास विचारावे. तो स्वतःहून सांगणार नाही.

पण आमचा खरा वाद याच्या पुढे आहे. ‘नीट निगा राखली तर तारा कासव घरी ठेवण्यास काय हरकत?’ असे विचारणारे सज्जन पुष्कळ भेटतात. हरकत अशी की तो गुन्हा आहे. हे कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असून २०२२ च्या दुरुस्तीने ते पहिल्या परिशिष्टात गेले आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीस. २०१९ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद आहे. तरीही तो चालतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने भारतातील एकाच ठिकाणाहून वर्षाला निदान ५५,००० तारा कासवे पकडली जातात असा हिशेब मांडला. ती पोत्यांत, पेट्यांत, एकमेकांवर रचून जातात. २०१८ साली सिंगापूरहून ५१ तारा कासवे विमानाने बंगळूरला परत आणावी लागली. आपल्या दिवाणखान्यातले पिलू याच पोत्यातले आहे. त्याच्याबरोबर निघालेली आणि वाटेत मेलेली भावंडे आपल्याला दिसली नाहीत, एवढेच. निगेने कवच सुधारेल कदाचित. त्या पोत्याचे काय?

या बाबतीत प्रस्तुत लेखक स्वतःस निर्दोष म्हणवून घेत नाही. लहानपणी पावसाळ्यात सापडलेले मऊ पाठीचे एक तळ्यातले कासव आम्ही बादलीत ठेवले, चुरमुरे खाऊ घातले आणि ते पोळ्याच्या आतच मेले. ‘आयुष्यच तेवढे असेल’ असे घरातल्या वडील माणसांनी सांगितले आणि आम्ही ते मान्य केले.

कोणी म्हणेल, मग तळ्यात सोडून मोकळे होतो. सिद्धेश्वराचे तळे आहे, कंबर तलाव आहे, हिप्परग्याचा तलाव तर मोठाच. कृपा करून असे करू नये. तारा कासव भूचर आहे, त्याला पोहता येत नाही. तळ्यात सोडणे म्हणजे बुडविणे. आणि कानामागे तांबडा पट्टा असलेले ते हिरवे, अंगठ्याएवढे पाणकासव, जे शोभेच्या माशांच्या दुकानांतून सर्रास विकले जाते, ते मूळ अमेरिकेतील मिसिसिपीच्या खोऱ्याचे. ते वीतभराहून मोठे होते, दांडगे होते, आणि आमच्या तळ्यांतील देशी कासवांचे अन्न व उन्हाच्या जागा बळकावते. त्याचीही पाठ घरात बिघडते, पण कारण निराळे: घाणेरडे पाणी, बसून वाळावयास कोरडा दगड नाही, आणि खाद्य म्हणून नुसते सुकवलेले कोलंबीचे कण. कवचाला पांढरे खड्डे पडून दुर्गंधी येऊ लागली म्हणजे मंडळींना तळ्याची आठवण होते. शिवाय या कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून अमेरिकेने १९७५ सालीच चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद केली. आपल्याकडे ती मुलांना वाढदिवसाची भेट म्हणून दिली जातात.

राहता राहिला भाग्याचा प्रश्न. आमच्या देवळांतून गाभाऱ्यासमोर कासव असते ते दगडाचे. पूर्वजांनी तेथे जिवंत कासव बांधून ठेवले नाही, यात त्यांचा शहाणपणा होता असे आम्हांस वाटते. ज्यांना उत्तर दिशेस कूर्म हवाच असेल त्यांनी पितळेचा आणावा. त्याला मुडदूस होत नाही.

त्या वैशाखातल्या घरी आम्ही हे सर्व बोललो, आणि अर्थातच बोलणे कडू झाले. यजमान दोन महिने आमच्याशी बोलले नाहीत. आषाढात त्यांचा निरोप आला की, कासव मागचे पाय टाकीत नाही, काय करावे. वनविभागाचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आम्ही कळविला. त्यांनी स्वतः फोन केला, हे त्यांच्या पदरी पुण्य म्हणून नोंदवितो. दुसऱ्या दिवशी माणसे येऊन ओल्या गोणपाटाने झाकलेल्या टोपलीतून कासव घेऊन गेली. सुळके आता जाणार नाहीत, नवी वाढ तेवढी सपाट येऊ शकेल आणि पायांचे सांगता येत नाही, असे पुढे तपासणाऱ्या पशुवैद्यांनी सांगितले. यजमानीणबाईंनी विचारले, तो जगला तर कळवाल का? कळवू म्हणाले. अजून निरोप आलेला नाही.