खाच जुळली म्हणजे कार्ड जुळले काय?

मदरबोर्डावर लांब खाच दिसली, की कोणतेही व्हिडिओ कार्ड तीत पूर्ण क्षमतेने चालेल, अशी समजूत सर्वत्र आढळते. आमच्या मते ही समजूत अपुरी आहे. आणि शाळा वा ग्रंथालये लोकांच्या पैशातून संगणक घेतात, तेव्हा ती महागात पडण्याचा संभव असतो.

पूर्वी आकारावरून पुष्कळ बोध होत असे. १९९७ पासून मदरबोर्डांवर आलेल्या 'एजीपी' पद्धतीत ३.३ व १.५ व्होल्टच्या कार्डांच्या कडेवरील काप निरनिराळ्या जागी असत. त्यामुळे विजोड कार्ड सहसा खाचेत बसतच नसे. २००४ पासून तिची जागा 'पीसीआय एक्सप्रेस' पद्धत घेऊ लागली. हिच्यात माहितीची ने-आण 'लेन' नावाच्या मार्गिकांवरून होते. लांब खाच १६ मार्गिकांच्या मापाची असते खरी, परंतु तितक्या मार्गिका तिला जोडलेल्या असतीलच असे नाही. अनेक मदरबोर्डांवरील दुसरी लांब खाच प्रत्यक्षात ४ मार्गिकांचीच असते. या पद्धतीच्या तिसऱ्या पिढीत प्रत्येक मार्गिका एका दिशेने सेकंदाला सुमारे १ गिगाबाइट माहिती वाहते. अर्थात १६ गिगाबाइटांच्या जागी ४ वरच समाधान मानावे लागते. कार्ड बंद पडत नाही, म्हणूनच ही उणीव ध्यानात येत नाही.

प्रत्येक कार्डास १६ मार्गिका हव्यातच, असेही नव्हे. बाहेरून येणारे चलत्चित्र टिपणाऱ्या पुष्कळ कार्डांना १ किंवा ४ मार्गिका पुरतात. म्हणून आधी काम, मग कार्ड आणि शेवटी मदरबोर्ड, हाच निवडीचा योग्य क्रम होय. विजेचाही विचार हवा; खाचेतून कार्डास फार तर ७५ वॉट मिळतात, अधिकासाठी वीजपुरवठा पेटीतून स्वतंत्र तार आणावी लागते.

ही सर्व माहिती पुस्तिकेत दिलेली असते, असे उत्पादक म्हणतील. ते खरे आहे. परंतु पुस्तिका खरेदीनंतर हाती येते आणि खोक्यावरील चित्र खरेदीपूर्वी दिसते. प्रत्येक खाचेच्या मार्गिकांची खरी संख्या खोक्यावरच छापली जावी, असे आम्हांस वाटते. तोवर निविदा मागविणाऱ्या संस्थांनी खाचेच्या लांबीचा नव्हे, तर जोडलेल्या मार्गिकांच्या संख्येचा आग्रह धरावा, आणि तोही लेखी.