जबाबदारी पोरांची, अधिकार मात्र कोणाचा?

'पोरांना शिकायचेच नाही, त्याला शाळा तरी काय करणार?' हा प्रश्न आज शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेत, इतकेच नव्हे तर पुरोगामी म्हणवणाऱ्यांच्या बैठकीतही निःसंकोचपणे विचारला जातो. अलीकडे त्याला शास्त्रीय पेहरावही लाभला आहे. विद्यार्थ्याने आपल्या शिक्षणाची जबाबदारी आपणच घेतली पाहिजे, असे शिबिरांतून आणि परिपत्रकांतून सांगितले जाते. विचार म्हणून यात खोटे काही नाही. शिकण्याचे श्रम अखेर शिकणाऱ्यालाच करावे लागतात. परंतु खरा विचारसुद्धा कोणाच्या तोंडी आहे आणि कोणाविरुद्ध वापरला जात आहे, हे तपासण्याची सवय समाजवादी कार्यकर्त्याने सोडता कामा नये.

बोईसरला लागून असलेल्या सरावलीचेच पाहावे. 2011 च्या जनगणनेत या गावाची नोंद शहर म्हणून झाली. ती कोणा नगररचनाकाराने आखले म्हणून झाली नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला माणसे हवी होती आणि त्या माणसांना कोठेतरी राहणे भाग होते, म्हणून झाली. 1969 साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे रसायनांचे, औषधांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने आले, आणि त्यांच्या मागोमाग उत्तर प्रदेश-बिहारातून कामगार आले. अशा वस्तीतल्या वर्गात एका बाकावर घरी भोजपुरी बोलणारे पोर बसते, दुसऱ्यावर वारली बोलणारे. पुस्तक मात्र प्रमाण मराठीत. पोर गप्प बसले की शेरा पडतो, 'अभ्यासात रस नाही'. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेले आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परतलेले आदिवासी मूल तर वर्गाच्या कित्येक महिने मागे पडलेले असते. त्यालाही हाच शेरा.

थोडी मोठी झालेली मुले आणखी एक गोष्ट पाहतात. शेजारच्या खोलीतला आयटीआय झालेला तरुण कारखान्यात जातो, पण कंपनीच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते. तो ठेकेदाराचा माणूस. बारा तासांची पाळी करून तो जे घरी आणतो, त्यात आणि न शिकलेल्याच्या मजुरीत फारसे अंतर नाही, हे चौदा वर्षांच्या मुलाला पाटी-पेन्सिलीवाचून कळते. आपल्या वर्षांचा मोबदला काय, हा हिशेब मांडणे हीच तर अर्थशास्त्राची पहिली पायरी. भांडवलदार असा हिशेब करून गुंतवणूक थांबवतो, तेव्हा त्याला दूरदर्शी म्हणतात. कामगाराचे पोर तोच हिशेब करून वही मिटते, तेव्हा ते आळशी ठरते!

सत्तेने यावर शोधलेला उपाय बोलका आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात दोन गोष्टी जोडीने होत्या. एक, आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नाही. दुसरी, मुलाने कृतीतून, शोधातून शिकावे आणि त्याच्या प्रगतीकडे सतत लक्ष असावे. पहिलीला पैसा लागत नव्हता, ती ताबडतोब अमलात आली. दुसरीला पुरेसे शिक्षक, वेळ आणि निधी लागणार होता, ती कागदावर राहिली. मग मुले कच्ची राहतात अशी ओरड झाली, 2019 मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि 2023 मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीला पुन्हा नापास करण्याची वाट मोकळी केली. कायद्यातला सरकारचा वाटा अपुरा राहिला आणि शिक्षा फर्मावली गेली मुलाला. यालाच आता जबाबदारी म्हणायचे आहे.

याच रेल्वेमार्गावर सरावलीच्या उत्तरेस, डहाणू तालुक्यात, या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले गेले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे ते कोसबादच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा 'या समाजाला शिक्षणाची ओढ नाही' असा अहवाल लिहून त्या पुण्या-मुंबईला परतल्या नाहीत. मुले अंगणात होती, म्हणून बालवाडी अंगणात गेली. मुले गुरांमागे होती, म्हणून शाळा कुरणात गेली. पाने, बिया, खडे, शिंपले हेच साहित्य झाले. मुलाचे काम म्हणजे शिक्षणातला अडथळा नव्हे, त्याच्यापाशी आधीच असलेले ते ज्ञान आहे, हे त्यांनी ओळखले. त्याच 1945 साली त्याच टापूतले वारली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठीविरुद्ध उभे राहिले. दोन्ही कामांचे राजकारण एक नव्हते. पण ज्याला जग मुका समजत होते, त्याला दोन्हींनी बोलता माणूस मानले. सरकारने 1975 च्या बालविकास योजनेत 'अंगणवाडी' हा शब्द घेतला. त्यामागची दृष्टी घेतली असती, तर अंगणवाडी सेविकेला वेतनाऐवजी 'मानधना'वर राबवले नसते.

हंटर आयोगापुढे 1882 मध्ये निवेदन देताना जोतीराव फुले यांनी शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला, नांगर धरू शकणारा असावा असे मागितले होते, तेही याचसाठी. ब्राझीलमधील अंगिकोस गावी 1963 मध्ये पाउलो फ्रेरी यांनी सुमारे तीनशे मजुरांना त्यांच्या रोजच्या वापरातल्या शब्दांवरून काही आठवड्यांत वाचायला शिकवले. निरक्षराला मताधिकार नसलेल्या त्या देशात वाचणे म्हणजे मतदार होणे होते. 1964 मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेरींना तुरुंगात टाकले. जबाबदार विद्यार्थी कोणाला नको असतो, हे सत्ताधाऱ्यांना चांगले कळते.

मात्र हे सारे वाचून कार्यकर्त्यांनी समाधानाने मान डोलावण्याचे कारण नाही. व्यवस्था बदलली की पोरे आपोआप शिकतील, हे म्हणणेही पळवाटच आहे. मजुराच्या मुलाकडून काहीच न मागणे ही दया नव्हे, ती त्याच्या कुवतीविषयीची तुच्छता आहे. आपले अभ्यासवर्ग तरी निराळे कोठे असतात? वक्ता दोन तास बोलतो, 'काही प्रश्न?' असे विचारतो, कोणी बोलत नाही, चहा येतो. नंतर तरुणांच्या उदासीनतेवर चर्चा रंगते! मुलांवर काम सोपवायचे तर ते खरे असले पाहिजे. सरावलीच्या चाळीतल्या नळाला पाणी किती वेळ येते, ओढ्याच्या पाण्याचा रंग आठवड्यातून किती वेळा बदलतो, बापाच्या पगारपत्रकात कोणती कपात आहे, हे मुलांनी मोजावे, लिहावे, आणि ग्रामसभेत उभे राहून वाचावे. चुका होतील, त्या त्यांनीच दुरुस्त कराव्यात. गणित आणि भाषा यांची याहून कडक परीक्षा कोणते मंडळ घेणार?

शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. सभा कामाच्या दिवशी दुपारी ठेवली की पाळीवरचा कामगार आपोआप गैरहजर राहतो आणि 'पालकांना आस्था नाही' हा पुढचा शेरा तयार होतो. सभा कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घ्यावी, आणि मुलांनी केलेली नोंद तिथे वाचली जावी, एवढा अर्ज मुख्याध्यापकांच्या हाती देण्यापासून बोईसर-सरावलीच्या कार्यकर्त्यांना कोणत्याही कायद्याने अडवलेले नाही.