काकडीच्या वेलाला काय झालं?

आमच्या शाळेच्या परसबागेत काकडीच्या एका वेलाच्या पानांवर हिरवे-पिवळे चट्टे उमटले, पानं आक्रसली. ‘बाई, खत घालू या!’ मुलं म्हणाली. पण पानाखाली मावा दिसला आणि मला शंका आली.

काकडीचा मोझॅक विषाणू १९१६ साली अमेरिकेत प्रथम नोंदला गेला. तो हजाराहून जास्त जातींच्या वनस्पतींना होतो. इवलासा मावा रस शोषता शोषता तो पसरवतो. नुसत्या चट्ट्यांवरून मात्र खात्री होत नाही. दुसरे विषाणूही असेच चट्टे पाडतात. नेमका कोणता, हे प्रयोगशाळेतली ‘एलायझा’ चाचणी सांगते.

विषाणू लागलेला वेल बरा करणारं औषध नाही. म्हणून जड मनानं आम्ही तो उपटला. बाकीचे वेल वाचायला हवेत ना! तुम्हीही आई-बाबांबरोबर पानं उलटून बघा हं!