रविवारचा येशू आणि सोमवारचा काटा

पहिल्यांदाच सांगून टाकतो, नंतर कुणी मला मिशनचा दलाल म्हणायला नको. मी बौद्ध आहे. बावीस प्रतिज्ञांच्या घरातला आहे. परभणीहून पूर्णेकडं निघालं की वाटेत पिंगळी स्टेशन लागतं, तिथला. हे मी ख्रिस्ती धर्माच्या प्रचारासाठी लिहीत नाही. माझ्या मावशीसाठी लिहितोय. आणि मित्रांनो, तुमच्या-माझ्या विरोधात लिहितोय.

मावशी येशूकडं गेली. कशी गेली ते ऐका. पोटात गाठ झाली, परभणीच्या दवाखान्यात तीन आठवडे पडून होती. त्या तीन आठवड्यांत प्रार्थनेवाल्या दोन बायका रोज यायच्या. डबा आणायच्या, लुगडं धुवायच्या, रात्री उशाशी बसायच्या. आम्ही कुठं होतो? आम्ही चौदा एप्रिलच्या वर्गणीत होतो. डीजे कुठला आणायचा, बॅनरवर कुणाचा फोटो मोठा, यावर भांडत होतो.

ती घरी आली, भिंतीवर एक क्रूस लागला आणि वस्तीत बोंब उठली. बैठक बसली. एकजण तावातावानं म्हणाला, हिला वस्तीतून बहिष्कृत करा. मी त्या बैठकीत होतो. मी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून टोचतंय, म्हणून हे लिहितोय.

बहिष्कार! हा शब्द आपल्या तोंडात आला कुठून? बाबासाहेबांनी 1927 साली पाक्षिक काढलं त्याचं नावच 'बहिष्कृत भारत'. ज्या शब्दानं हजारो वर्षं आपली चामडी सोलली, तोच शब्द आपण एका रोजंदारीवाल्या विधवा बाईवर फेकतो, आणि वर जय भीम म्हणतो! जोतीबांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात कुटुंब कसं असावं ते लिहून ठेवलंय. बाईला बुद्धाचा धर्म पटला तर तिनं तो घ्यावा, नवऱ्याला बायबल पटलं तर त्यानं ख्रिस्ती व्हावं, मुलीनं कुराण वाचून मुसलमान व्हावं, आणि तरी सगळ्यांनी एका घरात मायेनं राहावं. 1891 साली छापलेलं आहे हे. आपण वाचलं कधी?

मी मावशीला विचारलं, "कामून गेलीस?"

ती म्हणाली, "तुमच्या मिरवणुकीत मी बी नाचले की रं. पर दवाखान्यात माझ्या उशापाशी कोन बसलं?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तुमच्याजवळ असेल तर लिहून पाठवा.

आता दुसरी बाजू. प्रार्थनेवाल्यांनाही मी सोडणार नाही. गाठ तेलानं विरघळली नाही, ती डॉक्टरनं कापून काढली. साक्ष देताना मात्र डॉक्टरचं नाव निघत नाही. गोळ्या सोडा आणि विश्वास ठेवा, असं जो कुणी गरिबाला सांगेल तो भोंदू आहे, मग त्याच्या हातात बायबल असो की लिंबू.

आणि खरी गोष्ट सोमवारची. रविवारी टाळ्या वाजवून येशू गायचा. सोमवारी मावशी कापूस वेचायला जायची. किलोवर मजुरी. दिवसभर पल्हाटीत वाकायचं, बोंडाच्या टोकांनी बोटं फाडून घ्यायची, आणि सांजच्याला मालकाच्या काट्यावर गाठोडं ठेवायचं. तो काटा किलो-दोन किलो खाणार. वर सहा आठवड्यांचे पैसे अडकलेले. मावशीनं पास्टरला सांगितलं. पास्टर म्हणाला, क्षमा कर बहिणी, तुझं बक्षीस स्वर्गात आहे.

म्हणजे पुन्हा तेच! ह्या जन्मात सोस, पुढं मिळेल. भटजी हेच सांगत होता, त्याचं कर्म होतं, ह्याचा स्वर्ग आहे. मग बदललं काय?

मी चिडून मावशीचं बायबल उचललं. तिला वाचता येत नाही, ते उशाखाली असतं. म्हटलं, बघूच काय लिहिलंय. आणि मित्रांनो, मी हादरलो. शेवटाकडं याकोबाचं पत्र आहे. त्याचा पाचवा अध्याय म्हणजे मोर्चाचं पत्रक आहे. तुमची शेतं कापणाऱ्या मजुरांची जी मजुरी तुम्ही दाबली तीच बोंबलते आहे, आणि ती बोंब थेट देवाच्या कानावर गेली आहे, असं तो श्रीमंतांना बजावतो. दुसऱ्या अध्यायात म्हणतो की सभेत सोन्याची अंगठीवाला आला की त्याला पुढची जागा देता आणि फाटक्याला पायाशी बसवता, हे पाप आहे. जुन्या करारात खोट्या वजनमापाची देवाला किळस येते असं आहे. आणि योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू विहिरीवर एका शोमरोनी बाईजवळ पाणी मागतो. यहुदी माणूस शोमरोन्याच्या हातचं पीत नव्हता. कळलं का विटाळ कशाला म्हणतात ते? महाडचं तळं आठवलं का?

मग हे अध्याय प्रार्थनेत का वाचत नाहीत? दासांनो, धन्याचं ऐका, हे पौलाचं तेवढं बरोबर सापडतं. निवडून वाचणं हे बामणी कसब आहे. ते चर्चमध्येही चालतं आणि, खोटं कशाला बोलू, आपल्या व्यासपीठावरही चालतं.

आपल्याच मराठवाड्यात बायबल जगण्यात आणलेला एक दाखला आहे. नारायण शेषाद्री, जन्मानं ब्राह्मण, 1843 साली ख्रिस्ती झाले. जालन्याकडं मांग-महारांत काम केलं. त्यांना कळलं की पाटलाच्या गावकुसाबाहेर राहून माणूस रविवारी ख्रिस्ती आणि सोमवारी येसकर राहतो. म्हणून निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. शेत, घर, शाळा, देऊळ. माणूस मिशनवर अवलंबून राहतो हा दोष त्यात होताच. पण प्रार्थनेला पायाखाली जमीन लागते एवढं त्यांना कळलं होतं.

बाबासाहेबांनी तर हे तोंडावर सांगितलं. 1938 च्या जानेवारीत सोलापुरात ते ख्रिस्ती समाजापुढं बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांबद्दल त्यांनी आदरानं सांगितलं. आणि त्याच सभेत सुनावलं की दक्षिणेत ख्रिस्ती लोक देवळातही जात पाळतात, आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध ख्रिस्ती समाज कधी लढला नाही. पुढं 2016 साली कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं स्वतःच्या कागदावर कबूल केलं की चर्चमध्ये दलितांशी भेदभाव होतो. मधे 78 वर्षं गेली.

आता कागदाचा प्रश्न. मावशीचा जातीचा दाखला 'हिंदू महार' आहे. तिच्या धर्मात खोटी साक्ष देऊ नको अशी आज्ञा आहे. पण तिला बाप्तिस्म्याचं तोंडातून काढता येत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अट आहे: अनुसूचित जातीचा माणूस हिंदू पाहिजे. 1956 साली त्यात शीख घेतले, 1990 साली बौद्ध घेतले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर ठेवले. त्यांना आत घ्या असं रंगनाथ मिश्रा आयोगानं 2007 साली सांगितलं होतं. म्हणजे मावशी खरं बोलली की शिष्यवृत्ती, राखीव जागा, ॲट्रॉसिटीचं संरक्षण, सगळं गेलं. मालकाच्या नजरेत मात्र ती महारीणच. देव बदलला म्हणून त्यानं काट्याला हात लावताना कधी वेगळा विचार केला नाही.

आमची पोरं हसतात, म्हणतात, बघा, येशू चोरून ठेवते. हसू नका रे. 1956 ते 1990, चौतीस वर्षं, केंद्राच्या सवलतीसाठी आपल्या बापांनी काय लिहिलं? 'हिंदू महार' लिहिलं. नागपूरला धर्म घेतला आणि फॉर्मवर तो चोरला. माझ्या बापाचा दाखला पेटीत आहे, दाखवतो या. त्या वेळी आपण ओरडत होतो की धर्म बदलल्यानं जातीची जखम भरत नाही, म्हणून सवलत द्या. ते बरोबर होतं. मग तेच वाक्य मावशीच्या तोंडी आल्यावर ते चूक कसं होतं? आपल्या ताटातलं कमी होईल ही भीती असेल तर तसं सरळ बोला, आणि ताट मोठं करायला चला. धर्माच्या आड लपू नका.

1978 साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आपली घरं पेटवली, ती जात बघून पेटवली. आत कुणाची तसबीर आहे ते बघून नाही.

शेवट काय झाला ते सांगतो. मी याकोबाचा पाचवा अध्याय मावशीला तीनदा वाचून दाखवला. पुढच्या रविवारी ती प्रार्थनेत उभी राहिली आणि म्हणाली, "आज ह्ये वाचा." पास्टर चाचरला. पण वाचावं लागलं. सोमवारी सहा बाया मालकाच्या दारात गेल्या. तीन बौद्ध, दोन मातंग, आणि मावशी. मीही गेलो, पण बोलल्या त्याच. मावशी म्हणाली, "मालक, क्षमा केली हाय. आता पैशे द्या."

तीन आठवड्यांचे मिळाले. तीन अजून बाकी आहेत. काटा मात्र बदलला, आता बाया स्वतः दांडी बघतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. प्रार्थनेवाल्यांनी येशूला सोमवारी रानात आणावं, नाहीतर टाळ्या बंद कराव्यात. आणि आपण बुद्धाला दवाखान्यात न्यावं. आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हातांनी धुतलं होतं, ते आपण वंदनेत सांगतो आणि विसरतो. बहिष्काराचा ठराव मांडणाऱ्याला मी पुढच्या बैठकीत उभा राहून विरोध करणार आहे. या वेळी गप्प बसणार नाही.

तीन आठवड्यांचे पैसे आणायला सोमवारी पुन्हा जायचंय. ज्याला यायचं त्यानं सकाळी सातला विहारापाशी यावं. गळ्यात काय आहे ते कुणी विचारणार नाही.

जय भीम.