'कर' झाला 'डीजे': जुने फॉन्ट मोबाईलने वाचायचे का?

सरकारी यादी व्हॉट्सअ‍ॅपवर येते, उघडली की इंग्रजी अक्षरांचा नुसता घोळ. काही जुन्या वेबसाइटवरही हाच प्रकार. मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला असतो. त्यात इंग्रजी 'डी'च्या जागी 'क' आणि 'जे'च्या जागी 'र' बसवलाय. फोनमध्ये तो फॉन्ट नाही, म्हणून 'कर भरा' मधला 'कर' चक्क 'डीजे' दिसतो. आता भरायचा का वाजवायचा?

मग कंपन्यांनी हे फॉन्ट फोनमध्येच का देऊ नयेत? मागणी रास्त वाटते, पण उपाय चुकीचा आहे. कृतिदेवची मांडणी वेगळी, श्रीलिपीची वेगळी. कोणता मजकूर कशातला, हे फोनने ओळखायचं कसं? उलट युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे आणि आजचे स्मार्टफोन ती सरळ वाचतात. फ्लॅशचंही असंच झालं. आयफोनने ते कधी घेतलंच नाही, अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० नंतर ते बंद केलं आणि वेबसाइटवाल्यांनाच बदलावं लागलं.

पीडीएफ केली की अक्षरं नीट दिसतात, हे खरं. पण पीक विम्याच्या लांबलचक यादीत गावाचं नाव टाकून शोधा, सापडत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना फोन वाचून दाखवायला लागला, तर भलतंच बोलतो.

ऑपरेटरचा हात जुन्या रेमिंग्टन टायपिंगवर बसलाय, ही अडचण सांगितली जाते. रेमिंग्टन कीबोर्ड युनिकोडमध्येही मिळतो. जुन्या फाइली बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट आहेत. यादी टाकण्याआधी कार्यालयाने एवढं केलं, तर नाव बघायला तालुक्याची खेप पडणार नाही.