नर्तकीचा मान

मनुष्याची योग्यता त्याच्या धंद्याच्या नावावरून ठरवावी की त्या धंद्यात त्याने दाखविलेल्या कर्तबगारीवरून ठरवावी, हा प्रश्न जुनाच आहे. कवी, गवई व चित्रकार यांना समाज मान देतो. परंतु नर्तकीचे नाव निघताच सभ्य घरांतील माणसे विषय बदलतात. हा दुजाभाव अन्यायाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्याचे ठळक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात सापडते.

संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा या गावच्या पवळाबाई (१८७०-१९३९) महार समाजात जन्मल्या. त्यांना खंडोबाची मुरळी म्हणून वाहण्यात आले होते. अशा वेळी मुलीची संमती विचारण्याची चाल नव्हती. त्या काळी तमाशाच्या बोर्डावर स्त्री दिसत नसे. नाच्या पोऱ्याच लुगडे नेसून तिचे सोंग आणी. पवळाबाई बोर्डावर आल्या, आणि तमाशातील पहिल्या स्त्री-कलावंत म्हणून त्यांची गणना झाली. रेठरे हरणाक्षचे श्रीधर बाळकृष्ण कुलकर्णी हे जातीचा मान सोडून तमाशात शिरले व पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या फडात पवळाबाई नाचत. लावणी कवीने लिहिली म्हणजे तिचे अर्धेच काम होते. ढोलकीच्या ठेक्याशी चाळांचे बोल जुळविणे आणि एकाच ओळीचा भाव नवनव्या अदेने दाखविणे, हे उरलेले अर्धे काम नर्तकीचे. असे असता बापूरावांचे नाव घरोघरी पोहोचले, आणि पवळाबाईंचे मात्र मागे राहिले!

हा दोष केवळ आपलाच आहे असे नव्हे. १८३२ साली पॅरिस येथे ‘ला सिल्फीद’ हे नृत्यनाट्य झाले. ते फिलिपो तालिओनी यांनी आपली कन्या मारी हिच्यासाठी रचिले होते. पायांच्या बोटांच्या टोकांवर तरंगणारी मारी पाहून लोक थक्क झाले. पुढे १८६० साली तिने स्वतः ‘ल पापियों’ हे नृत्यनाट्य आपल्या शिष्येकरिता रचिले. परंतु त्याच नाट्यगृहात धनिक शौकिनांना रंगमंचामागील दालनात जाऊन नर्तकींशी सलगी करण्याची मुभा असे. म्हणजे कला तिकडेही उच्च होती, आणि पाहणाऱ्यांची दृष्टी तिकडेही हीन होती. तरीपण तिकडील लोकांनी मारीचे चरित्र लिहून ठेविले. आपण तेवढे फारसे मनावर घेतले नाही.

कोणी म्हणेल, “तमाशात अश्लीलता होती, म्हणूनच स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारला त्यावर बंदी घालावी लागली.” अश्लीलता होती, हे मला मान्य आहे. परंतु ती बंदी पुढे अटी घालून उठविण्यात आली. कारण दोष काढून टाकता येतो, कला टाकून देता येत नाही. शिवाय अश्लील बोलाला दौलतजादा करणारा प्रेक्षक सभ्य म्हणून घरी जातो, आणि कलंक तेवढा नर्तकीच्या माथी राहतो, हा कोठला न्याय?

काळ पालटतो, हे शनिशिंगणापूरकरांस सांगावयास नको. २०१६ साली येथील चौथरा स्त्रियांस खुला झाला, हे आपण पाहिलेच आहे. मुली देवास वाहण्याच्या चालीविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ सालीच कायदा झाला. आज राज्य शासन विठाबाई नारायणगावकर यांच्या नावे तमाशा-कलावंतास जीवनगौरव पुरस्कार देते, आणि त्याच्या पहिल्या मानकरी संगमनेरच्या कांताबाई सातारकर होत्या. शासनाने मान दिला; घरांनी अद्याप दिलेला नाही.

पालकहो, आपली कन्या स्नेहसंमेलनात नाचू इच्छिते तेव्हा “लोक काय म्हणतील?” एवढ्यावरून तिला मागे ओढू नका, ती काय शिकते व कोणापाशी शिकते, हे अवश्य पाहा. विद्यार्थिमित्रहो, जत्रेत तमाशाचा तंबू दिसला तर थट्टा करण्यापूर्वी एवढे ध्यानात आणा की, आत जिचे चाळ वाजत आहेत तीही श्रमाची भाकरी खाते. तिचा मान राखणे हे आपल्या शिक्षणाचे पहिले लक्षण होय.