संवादांवर कात्री कशासाठी?

पटकथेची कार्यशाळा म्हटली की हल्ली एक गृहस्थ फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितात : सिनेमा हे दृश्यमाध्यम आहे. इथवर कुणाची हरकत नाही. पण पुढचं ऐका. संवाद म्हणजे लेखकाचा पराभव. मराठी सिनेमाचं वाटोळं नाटकवाल्यांनी केलं. प्रसंग दोन पानांपलीकडे गेला की फाडून टाका. पात्रांनी रस्त्यावरच्या माणसासारखंच बोलावं. आणि जमेल तिथे त्यांना गप्प करून खिडकीबाहेर बघायला लावा. पोरं हे सगळं भक्तिभावाने वहीत उतरवतात, आणि मग त्यांच्या पटकथा माझ्याकडे वाचायला येतात. पानोपानी खिडक्या!

या गृहस्थांचं आवडतं उदाहरण म्हणजे नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला डुकराच्या पाठलागाचा प्रसंग. बघा, संवादाशिवाय केवढं सांगितलं, असं म्हणून ते विजयी मुद्रेने वर्गाकडे पाहतात. त्यांनी तो प्रसंग पाहिला असेल, पण ऐकलेला दिसत नाही. जब्याचं घरदार डुकरामागे धावतंय आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो, मग घरातले बाकीचेही जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुक्कर मात्र मोकळं. त्या माणसांना खिळवून ठेवलं ते कानावर पडलेल्या शब्दांनी. आवाज बंद करून तोच प्रसंग चालवा, चार माणसं विनाकारण उभी राहिलेली दिसतील.

मूळ गफलत इथे आहे. बोलणं ही कृती नव्हे, असं या मंडळींनी गृहीत धरलंय. धावणं कृती, दार आपटणं कृती, बोलणं मात्र नुसती माहिती. अहो, माणूस बोलून लुबाडतो, बोलून पाय धरतो, बोलून नातं तोडतो. १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ आठवा. घरमालकाला औषधासाठी दिलेले सत्तर रुपये हवेत, धनंजय मान्यांना ते द्यायचे नाहीत. माने चेहरा पाडून ते पैसे वारल्याचं सांगतात. जागचं न हलता एकाने दुसऱ्याचे पैसे बुडवले. ही कृती नाही तर काय आहे? ते वाक्य कापून तिथे कोणती खिडकी घालणार?

आणि ते लिहिणारे वसंत सबनीस लोकनाट्यातले. ‘सामना’ लिहिणारे विजय तेंडुलकर नाटककार, दिग्दर्शक जब्बार पटेलही रंगभूमीवरचे. त्या चित्रपटात दारूत बुडालेला मास्तर हिंदुराव धोंडे पाटलाला मारुती कांबळेचं काय झालं, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहतो. त्याच्या हातात ना काठी, ना कागद. त्या एका प्रश्नाने साखर कारखान्याचा धनी हादरतो. नाटकवाल्यांनी वाटोळं केलं म्हणणाऱ्यांनी हा चित्रपट पुन्हा एकदा बसून पाहावा.

मूकपटाचा दाखला तर देऊच नये. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्येही मजकुराच्या पाट्या होत्या. बोलीचा वादही असाच झाला होता. गावाकडची बोली शहरात कळणार नाही, संवाद प्रमाण भाषेत घ्या, असं छातीठोकपणे सांगितलं जाई. २०१६ साली ‘सैराट’ आला आणि करमाळ्याकडची बोली मुंबई-पुण्याच्या पोरांच्या तोंडी बसली. त्यानंतर त्या सल्ल्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

दोन पानांच्या नियमाला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हे पुरेसं उत्तर आहे : सरकारी वकीलबाई सपाट आवाजात कलमं वाचत जाते आणि त्या कंटाळ्यातूनच व्यवस्थेचं क्रौर्य अंगावर येतं. रस्त्यावरच्या बोलण्याचं म्हणाल, तर ते जसंच्या तसं उतरवून काढा आणि दहा मिनिटं वाचून दाखवा.

मग लिहायचं कसं? माझ्यापुरतं सांगतो. प्रसंगात येणारा माणूस काय घ्यायला आलाय आणि त्यातलं काय त्याला तोंडाने मागता येत नाही, हे ठरल्याशिवाय मी वाक्य लिहीत नाही. परवा एका मुलीची पटकथा वाचली. धाकटा भाऊ जमिनीच्या सह्या घ्यायला पुण्याहून गावी येतो. पहिल्या खर्ड्यात तो ओट्यावर बसून बोलतो, ‘दादा, आईबाबा गेल्यापासून तूच मला वाढवलंस, पण आता मला माझा हिस्सा हवाय.’ हे वाईटच. कार्यशाळेतल्या सल्ल्याप्रमाणे तिने दुसऱ्या खर्ड्यात सगळं बोलणं काढलं आणि दोघांना हार घातलेल्या फोटोकडे बघत बसवलं. हे त्याहून वाईट, कारण आता कुणालाच काही नको आहे. आम्ही दोघांनी बसून तो प्रसंग असा केला :

‘मुक्कामाला आहेस ना?’

‘नाही, सहाची गाडी आहे.’

‘मग कागद आणले असशील.’

‘आधी जेवू या की.’

‘नको. जेवल्यावर सही करायला जड जाईल मला.’

थोरल्याला सगळं ठाऊक आहे, धाकट्याला लाज वाटतेय, आणि जमिनीचं नावही कुणी घेतलेलं नाही. कॅमेऱ्याने आता हवं ते दाखवावं, विहीर दाखवावी, फोटो दाखवावा, त्याला अर्थ येईल. शेवटची ओळ तिने सुचवली. तिच्या वहीत संवाद कमीत कमी ठेवा, असं लाल शाईने लिहिलेलं होतं. ते पान मी तिला फाडायला लावलं.